टाउंगचे मूल आणि डार्ट यांचे दोन अंदाज

१९२४ सालच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग शहरात शरीररचनाशास्त्राचे तरुण प्राध्यापक रेमंड डार्ट मित्राच्या लग्नासाठी तयार होत होते. तेवढ्यात टाउंग येथील चुनखडीच्या खाणीतून आलेल्या दगडांच्या दोन पेट्या घरी पोहोचल्या. डार्ट यांना राहवले नाही. लग्नाच्या पोशाखातच त्यांनी पेट्या उघडल्या आणि दुसऱ्या पेटीत त्यांना मेंदूच्या आकाराचा एक दगड सापडला. कवटीच्या पोकळीत चुनखडी साचून तयार झालेला तो मेंदूचा नैसर्गिक साचा होता.

डार्ट यांचा जन्म १८९३ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनजवळ झाला. सिडनीत वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते पहिल्या महायुद्धात लष्कराच्या वैद्यकीय सेवेत गेले. पुढे लंडनमध्ये त्यांनी मेंदूच्या रचनेचा अभ्यास केला. जोहान्सबर्गच्या नव्या विद्यापीठातील नोकरी त्यांनी काहीशा नाखुशीनेच पत्करली होती. पण मेंदूची नीट ओळख असलेला माणूस त्या वेळी तिथे होता, म्हणूनच तो दगड कचऱ्यात गेला नाही.

तो साचा ज्या दगडात चपखल बसत होता, त्यातच चेहरा दडलेला होता. विणकामाच्या सुया घासून टोकदार करून डार्ट यांनी दगड कणाकणाने कोरला. २३ डिसेंबरला चेहरा मोकळा झाला. तो होता दुधाचे दात असलेल्या एका लहान जीवाचा. मेंदू वानराइतका लहान, पण सुळे बारीक. शिवाय मेंदूतून मेरुरज्जू बाहेर पडण्याचे छिद्र कवटीच्या तळाशी पुढच्या बाजूला होते. याचा अर्थ डोके मणक्यावर तोलले जात होते आणि हा जीव दोन पायांवर चालत होता. ७ फेब्रुवारी १९२५ रोजी ‘नेचर’मध्ये डार्ट यांनी त्याला ‘ऑस्ट्रेलोपिथेकस आफ्रिकानस’, म्हणजे आफ्रिकेतील दक्षिणी वानर, असे नाव दिले.

त्याच लेखात त्यांनी एक महत्त्वाचा मुद्दा मांडला होता. टाउंग कलहारी वाळवंटाच्या कडेला आहे. गोरिला-चिंपांझींना लागते तसे घनदाट जंगल तिथे नव्हते. फळे हाताशी नाहीत, पाणी कमी आणि उघड्या माळावर हिंस्र श्वापदे. अशा ठिकाणी टिकायचे तर वागणेच बदलावे लागणार. माणसाची जडणघडण जंगलाच्या सावलीत नव्हे, तर अशा कठीण माळरानावर झाली असावी, हा त्यांचा पहिला अंदाज.

लंडनच्या विद्वानांनी तो उडवून लावला. वानरांची पिल्ले माणसासारखीच दिसतात, हे पिल्लूही त्यातलेच, असे त्यांचे म्हणणे होते. आधी मोठा मेंदू आला आणि बाकीचे बदल मागाहून, अशी तेव्हाची समजूत होती. इंग्लंडमध्ये सापडलेल्या पिल्टडाउन कवटीने ती पक्की केली होती. डार्ट यांना वीसेक वर्षे वाट पाहावी लागली. १९३६ पासून रॉबर्ट ब्रूम यांना स्टर्कफोंटेन येथे याच जातीच्या प्रौढांचे अवशेष मिळत गेले. १९४७ मध्ये आर्थर कीथ यांच्यासारख्या कडव्या टीकाकारानेही आपली चूक जाहीरपणे मान्य केली. १९५३ मध्ये तर पिल्टडाउनची कवटी चक्क बनावट ठरली.

मात्र याच काळात डार्ट स्वतः एका चुकीच्या वाटेला लागले. माकापान्सगाट येथील गुहेत त्यांना प्राण्यांच्या हाडांचे ढीग मिळाले. सात हजारांहून अधिक हाडे त्यांनी तपासली. काही हाडे फार मोठ्या संख्येने होती, काही जवळजवळ नव्हतीच. आपल्या पूर्वजांनी हाडे, दात व शिंगे शस्त्रे म्हणून निवडून आणली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. माळरानावर आलेला हा वानर मांसासाठी मारेकरी बनला आणि त्यातूनच माणूस घडला, हा त्यांचा दुसरा अंदाज. तो जगभर गाजला. माणूस मुळातच हिंसक आहे, असे सांगणाऱ्यांना जणू पुरावाच मिळाला.

हा अंदाज तपासला सी. के. ब्रेन या दक्षिण आफ्रिकी संशोधकाने. नामिब वाळवंटातील वस्त्यांत माणसे आणि कुत्रे यांनी खाऊन टाकलेल्या शेळ्यांची हाडे त्यांनी गोळा केली. तिथेही तोच प्रकार दिसला. टणक हाडे उरतात, मऊ हाडे चावून संपतात. म्हणजे गुहेतील हाडे कुणी निवडलेली नव्हती, ती फक्त उरलेली होती. स्वार्टक्रान्स येथील एका लहान कवटीवर दोन भोके होती. त्यांतील अंतर बिबट्याच्या सुळ्यांशी जुळले. आपले हे नातेवाईक शिकारी कमी आणि सावज अधिक होते.

डार्ट १९८८ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी वारले. पुढे १९९५ मध्ये दोन संशोधकांनी टाउंगच्या मुलाला एखाद्या मोठ्या गरुडाने उचलले असावे, असे मांडले. नंतर त्याच्या डोळ्यांच्या खोबणीत गरुडाच्या शिकारीवर आढळतात तशा खुणाही दिसल्या.

डार्ट यांचा पहिला अंदाज मात्र बऱ्याच अंशी टिकला, थोड्या दुरुस्तीसह. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वीच्या या जीवांच्या दातांच्या एनॅमलमधील कार्बन तपासला असता, ते झाडांवरच्या अन्नासोबत गवताळ भागातलेही अन्न खात होते, असे दिसले. ते गवताचे बी-कंद होते की गवत खाणारे किडे-प्राणी, हे कार्बनवरून कळत नाही. पण झाडे विरळ झाली तेव्हा त्यांनी झाडे सोडली नाहीत आणि माळही टाळला नाही, एवढे नक्की. बदलत्या हवामानात त्यांना तारले ते शस्त्राने नव्हे, तर मिळेल ते खाऊन पाहण्याच्या सवयीने.