एका शाळेसाठी लिहिलेले व्याकरण : लिंडली मरे यांचा जीवनपट

शाळेच्या फळ्यावर दोन स्तंभ आखून डावीकडे कर्तरी व उजवीकडे कर्मणी वाक्य लिहिण्याचा पाठ ज्याने गिरविला नाही, असा इंग्रजी शिकलेला विद्यार्थी भारतात विरळा. कर्म उचलून आरंभी ठेवावे, सहाय्यक क्रियापद काळानुसार बदलावे, मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप घ्यावे आणि कर्त्याला ‘बाय’ लावून शेवटी बसवावे, हा क्रम पिढ्यान् पिढ्या मुखोद्गत होत आला. इंग्रजी व्याकरणाची अशी शालेय मांडणी जगभर नेण्यात ज्या ग्रंथाचा वाटा फार मोठा आहे, तो ग्रंथ कोणत्याही विद्यापीठाने सिद्ध करविलेला नव्हता. मुलींच्या एका लहान शाळेतील शिक्षिकांनी शेजारच्या आजारी गृहस्थाला गळ घातली आणि त्यातून तो जन्मला. त्या गृहस्थाचे नाव लिंडली मरे.

मरे यांचा जन्म १७४५ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात, स्वाटारा नदीच्या परिसरात झाला. त्या वेळी तो प्रदेश ब्रिटिश वसाहत होता. वडील रॉबर्ट मरे यांनी पिठाच्या गिरणीपासून सुरुवात करून व्यापारात मोठा जम बसविला आणि पुढे ते सहकुटुंब न्यूयॉर्कला स्थायिक झाले. घराणे क्वेकर पंथाचे होते. साधी राहणी, युद्धाला विरोध आणि सत्याचा आग्रह हे त्या पंथाचे आचारधर्म. वडिलांची शिस्त कडक होती आणि थोरल्या मुलाने आपली पेढी सांभाळावी, अशी त्यांची इच्छा होती. मुलाचे मन मात्र हिशेबाच्या वह्यांत रमेना.

एकदा परवानगीवाचून बाहेर राहिल्याबद्दल वडिलांनी शिक्षा केली, तेव्हा तो मानी मुलगा घर सोडून निघाला. घरातून पळालेली मुले सहसा बंदराची किंवा जहाजाची वाट धरतात. लिंडली न्यू जर्सीतील बर्लिंग्टन गावी गेला आणि तेथील एका निवासी शाळेत त्याने स्वतःच नाव दाखल केले. तेथे तो फ्रेंच शिकू लागला. यथावकाश घरच्यांना त्याचा ठावठिकाणा लागला व समजूत घालून त्याला परत आणण्यात आले.

विद्येची ओढ पुढे कायद्याच्या अभ्यासाकडे वळली. वडिलांचा त्याला विरोध होता. तरुण लिंडलीने वाद घातला नाही. आपल्या बाजूची सर्व कारणे क्रमवार मांडून त्याने एक लेखी निवेदन तयार केले. ते वडिलांचे कायदेविषयक सल्लागार बेंजामिन किसम यांच्या वाचनात आले आणि त्यांनीच वडिलांचे मन वळविले. किसम यांच्या कचेरीत मरे कायदा शिकले. तेथे त्यांचे सहाध्यायी होते जॉन जे, जे पुढे अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश झाले. १७६७ साली मरे यांचा हॅना डॉब्सन यांच्याशी विवाह झाला. या दांपत्याचा संसार जवळजवळ साठ वर्षांचा झाला.

वकिलीत यश मिळत असतानाच अमेरिकेचा स्वातंत्र्यसंग्राम सुरू झाला. क्वेकर असल्याने मरे यांना शस्त्र धरणे मान्य नव्हते. ते काही वर्षे लाँग आयलंडवरील आयस्लिप येथे जाऊन राहिले. नंतर न्यूयॉर्कला परतून त्यांनी व्यापार केला आणि युद्ध संपेपर्यंत उर्वरित आयुष्य स्वस्थपणे घालविता येईल एवढी संपत्ती मिळविली. ज्या पेढीला बालपणी नाकारले, तिच्याच मार्गाने त्यांना अखेर स्वास्थ्य लाभले. परंतु त्याच सुमारास शरीर साथ देईनासे झाले. स्नायूंची शक्ती झपाट्याने कमी होत गेली आणि चालणे कठीण झाले. हवापालटासाठी १७८४ साली ते इंग्लंडला निघाले. युद्धकाळात ब्रिटिशांच्या ताब्यातील शहरात व्यापार केल्यामुळे स्वतंत्र अमेरिकेत राहणे त्यांना अवघड झाले असावे, असेही काही अभ्यासक मानतात. कारण काहीही असो, मायदेशाचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही.

यॉर्क शहरालगतच्या होलगेट येथे त्यांनी बाग असलेले घर घेतले आणि पुढील सुमारे चाळीस वर्षे तेथेच काढली. प्रथम काही पावले टाकता येत. पुढे तेही थांबले. बागेत फिरण्यासाठी चाकाची गाडी आली आणि शेवटची कित्येक वर्षे तर घराबाहेर पडणेही सुटले. दिवसाचा बहुतेक वेळ ते बैठकीवर बसून वाचन व लेखन करीत.

यॉर्कमध्ये १७८५ पासून क्वेकर मुलींची एक शाळा चालत असे. एस्थर ट्यूक यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली होती. तेथील तरुण शिक्षिकांना मुलींना उत्तम इंग्रजी शिकवावयाचे होते, पण त्यांचे स्वतःचे व्याकरणाचे शिक्षण अपुरे होते. ही उणीव लपविण्याऐवजी त्या होलगेटच्या घरी जाऊन मरे यांच्याकडून व्याकरण शिकू लागल्या. तेथे समजलेले वर्गात शिकविताना हाताशी योग्य पुस्तक नाही, हे त्यांना जाणवले. उपलब्ध व्याकरणे एक तर विद्वानांसाठी लिहिलेली होती किंवा मुलांच्या दृष्टीने विस्कळीत होती. म्हणून त्यांनी मरे यांना लेखी विनंती केली, की शाळेसाठी एक व्याकरण आपणच लिहावे. मरे यांनी प्रथम संकोच केला. ते व्यवसायाने शिक्षक नव्हते आणि भाषापंडित म्हणून त्यांचा लौकिकही नव्हता. अखेर त्यांनी होकार दिला आणि १७९५ साली त्यांचे इंग्रजी व्याकरण यॉर्क येथे छापून प्रसिद्ध झाले.

या ग्रंथात नवे सिद्धान्त फारसे नव्हते आणि मरे यांनी तसा दावाही केला नाही. रॉबर्ट लाउथ आदी पूर्वसूरींच्या ग्रंथांतून सामग्री घेऊन ती आपण संकलित केली, असे त्यांनी मान्य केले. त्यांचे कौशल्य मांडणीत होते. मुख्य नियम ठळक अक्षरात व स्पष्टीकरण बारीक अक्षरात असल्यामुळे धाकट्या विद्यार्थ्याने किती वाचावे आणि थोरल्याने किती, हे पानावरूनच कळे. पुढे १७९७ साली त्यांनी स्वतंत्र स्वाध्यायपुस्तक काढले. त्यात मुद्दाम अशुद्ध वाक्ये दिलेली असत व ती विद्यार्थ्याने शुद्ध करावयाची असत. घरी एकट्याने शिकणाऱ्यांसाठी उत्तरांचे पुस्तकही निघाले. व्याकरणाची लहान, संक्षिप्त आवृत्ती त्याच वर्षी आली.

क्रियापदांची त्यांनी केलेली विभागणी पुष्कळ काळ शाळांतून चालली. क्रिया करणाऱ्याकडून दुसऱ्यावर घडते ते एक, क्रिया ज्याच्यावर घडते त्याला पुढे आणणारे दुसरे, आणि क्रिया अथवा स्थिती कर्त्यापाशीच थांबते ते तिसरे. दुसऱ्या प्रकाराच्या रचनेचा नियम त्यांनी सुटसुटीतपणे सांगितला: ‘असणे’ या अर्थाच्या सहाय्यक क्रियापदाची सर्व रूपे घ्यावी आणि त्यांना मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित जोडावे. एवढ्याने इंग्रजीतील संपूर्ण कर्मणी रूपावली तयार होते. शिक्षिका मुलीला शिकवते, या वाक्यात लक्ष शिक्षिकेकडे जाते. मुलगी शिक्षिकेकडून शिकविली जाते, असे म्हटले की घटना तीच राहून मुलगी पुढे येते. कर्ता अज्ञात असला किंवा त्याचा उल्लेख अनावश्यक असला, तर तो गाळताही येतो. न्यायालयाचे निवाडे, सरकारी आदेश आणि शास्त्रीय अहवाल या सोयीचा उपयोग करीत आले आहेत.

पुस्तकाचा प्रसार थक्क करणारा होता. इंग्लंड व अमेरिकेत त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि मरे यांच्या पाठ्यपुस्तकांच्या लक्षावधी प्रती खपल्या. १७९९ साली आलेले त्यांचे वाचनपुस्तक अमेरिकेत विशेष गाजले. लौकिकाबरोबर टीकाही आली. नोआ वेबस्टर यांनी आपल्या लेखनातील सामग्री उचलल्याचा आरोप केला, तर गूल्ड ब्राउन यांच्यासारख्या वैयाकरणांनी त्यांच्या नियमांतील विसंगती दाखविल्या. पुढच्या काळात मरे यांच्याच इंग्रजीतील चुका वेचून काढणारे पुस्तकही निघाले. मरे यांनी मात्र आवृत्तीगणिक दुरुस्त्या करण्याचा क्रम हयातभर सोडला नाही.

ग्रंथांपासून मिळालेला पैसा त्यांनी स्वतःसाठी ठेवला नाही, तो लोकोपयोगी कार्यास दिला. मनोरुग्णांना साखळदंडांऐवजी माणुसकीने वागविणारी ‘रिट्रीट’ ही संस्था यॉर्कमध्ये उभी राहिली, तिला त्यांचा पाठिंबा होता. १८२६ साली, वयाची ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर, त्यांचे निधन झाले. पत्नीच्या पश्चात आपल्या संपत्तीचा विनियोग गुलामांची मुक्तता, त्यांच्या वंशजांचे शिक्षण आणि अमेरिकेतील आदिवासींचे साहाय्य अशा कामांसाठी व्हावा, अशी तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली होती.

मरे यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, १८३६ साली, दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. तेव्हा दादोबा अवघे बावीस वर्षांचे होते. मराठीचे पाणिनी म्हणून पुढे ओळखल्या गेलेल्या या पंडितांच्या मांडणीवर मरे यांच्या ग्रंथाचा प्रभाव होता, हे अभ्यासकांनी नोंदविले आहे. माळव्यातील जावरा येथे व नंतर सुरतेस दादोबांनी अध्यापन केले. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीची सेवा करणाऱ्यांच्या परंपरेत त्यांचे नाव आदराने घ्यावे लागते.

इंग्रजीचा साचा मराठीला जसाच्या तसा बसत नाही, हेही पुढील व्याकरणचर्चेतून स्पष्ट होत गेले. मुलीने धडा वाचला, या वाक्यात क्रियापद धड्याच्या लिंगवचनानुसार चालते, म्हणून मराठी व्याकरण त्याला कर्मणी प्रयोग म्हणते. परंतु अर्थाच्या दृष्टीने मुलगीच प्रधान आहे आणि इंग्रजीत त्याचे भाषांतर कर्तरीच होईल. इंग्रजी कर्मणीच्या जवळ जाणारी मराठी रचना म्हणजे मुलीकडून धडा वाचला जातो, ही होय. मुलीने मुलाला मारले, यासारख्या भावे प्रयोगाला तर इंग्रजीत जोडच नाही. इंग्रजीचा भेद कोणाला पुढे आणावयाचे यावर उभा आहे, मराठीचा प्रयोगविचार क्रियापद कोणाच्या अनुरोधाने चालते यावर. मराठी माध्यमातून इंग्रजी शिकणाऱ्या मुलाची ‘व्हॉइस’च्या पाठात जी गल्लत होते, तिचे मूळ पुष्कळदा येथे असते. मातृभाषेचे व्याकरण पक्के असलेल्या विद्यार्थ्याला हा फरक शिक्षकाने एकदा दाखविला, की तो पुन्हा चुकत नाही.

ज्या शाळेसाठी मरे यांनी लेखणी उचलली, ती १८१४ साली बंद झाली. मरे यांच्या बागेतील लहानसे विश्रामगृह मात्र पुढे यॉर्कमधील माउंट स्कूल या क्वेकर मुलींच्या शाळेच्या आवारात नेण्यात आले. आपल्याला येत नाही ते आधी शिकून घ्यावे आणि मग मुलींपुढे उभे राहावे, एवढ्याच हेतूने त्या तरुण शिक्षिका होलगेटची वाट चालत गेल्या होत्या. त्यांच्या त्या शिकवणीचे पुस्तक झाले आणि ते त्यांच्या शाळेपेक्षा कितीतरी अधिक काळ वर्गावर्गांत वाचले गेले.