विसार आणि वतन : रेव्ह. नारायण वामन टिळक यांची तारणयात्रा

रायपूरहून नागपूरकडे निघालेली आगगाडी दुर्ग ओलांडून थोड्याच वेळात राजनांदगावच्या फलाटाला लागते. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे वसली आहेत आणि आम्ही सर्वजण याच लोहमार्गाने महाराष्ट्रात येत-जात असतो. राजनांदगाव आले की कोणी चहा घेतो, कोणी उतरतो, गाडी पुढे जाते. परंतु मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात या स्थानकाला एक निराळे स्थान आहे. १८९३ साली एक मराठी ब्राह्मण कवी नोकरीच्या शोधात नागपूरहून याच गावी निघाला होता, आणि त्या प्रवासात देवाने त्याच्या जीवनाचा रूळ बदलला. ते कवी म्हणजे रेव्ह. नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई जानकीबाई भाविक व काव्यप्रिय होती. वडील करारी स्वभावाचे होते. आईचे छत्र लहानपणीच हरपले आणि या मुलाने घर सोडले. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १८८० साली त्यांचा विवाह झाला. पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळी अवघ्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. पुढील कित्येक वर्षे टिळकांचे पाऊल एका जागी ठरले नाही. आज शिक्षक, उद्या कीर्तनकार, परवा संपादक, असे त्यांचे चाले. नागपुरात श्रीमंत अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी वैदिक वाङ्मयाचे काम केले व ‘ऋषि’ नावाचे मासिक चालविले.

ही भ्रमंती केवळ पोटासाठी नव्हती. आपल्या देशाचा उद्धार धर्माखेरीज होणार नाही आणि जो धर्म मनुष्यामनुष्यांत भेद करतो त्याने तो साधणार नाही, असे त्यांच्या मनाने घेतले होते. एक जगन्नियंता सर्वांचा पिता आणि सर्व माणसे परस्परांची भावंडे, अशा पायावर उभा असलेला धर्म ते शोधत होते. असा धर्म कोठे सापडेना, तेव्हा आपणच त्याची मांडणी करावी असाही विचार त्यांच्या मनात घोळू लागला होता.

अशा मनःस्थितीत ते राजनांदगावच्या गाडीत बसले. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. त्यांनी आदराने जागा दिली व संभाषण सुरू केले. आधी काव्याचा विषय निघाला. मग त्या गृहस्थांनी प्रभू येशू ख्रिस्ताविषयी टिळकांचे मत विचारले. निरोप घेताना त्यांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते मुळीच पटले नाही. तथापि पुस्तक शेवटपर्यंत वाचीन, असा शब्द त्यांनी दिला होता.

राजनांदगाव हे त्या काळी वैष्णव बैरागी महंतांच्या परंपरेतील राजांचे संस्थान होते. तेथे टिळकांनी दिलेला शब्द पाळला. पहिली काही पाने त्यांनी कर्तव्य म्हणून वाचली. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर मात्र पुस्तक हातावेगळे करणे त्यांना अशक्य झाले. आपण ज्या धर्माची मांडणी करू पाहत होतो तो येथे मांडलेला आहे, इतकेच नव्हे तर जगून दाखविलेला आहे, हे त्यांना दिसले. मनात दीर्घ झगडा चालला, पत्रव्यवहार झाला, अभ्यास झाला. अखेरीस १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, अमेरिकन मिशनच्या मंडळीत, रेव्ह. तुकाराम नथोजी यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षांची मुदत अजून भरायची होती.

प्रिय वाचकहो, पुष्कळ वेळा टिळकांची गोष्ट आपण येथेच संपवितो. गाडी, नवा करार, बाप्तिस्मा. देवाचा हेतू सिद्धीस गेला! परंतु तो हेतू खरोखर एवढाच होता काय?

पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्याला एक गोष्ट वारंवार थांबविते. नव्या करारात तारणाविषयीचे क्रियापद तिन्ही काळांत येते. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात विश्वासणाऱ्यांचे तारण झालेले आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात ते होत आहे. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात ते पुढे व्हावयाचे आहे. आणि इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा विसार म्हटले आहे. विसार म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. जमिनीचा सौदा ठरला की विसार दिला जातो. सौदा पक्का होतो, पण संपूर्ण वतन अजून हाती यावयाचे असते. बाजारात विसार घेणारा देतो. येथे मात्र आपल्याला स्वतःचे म्हणून घेणारा देवच तो देतो. म्हणून आध्यात्मिक वाढ ही तारणाची किंमत नव्हे. ती किंमत वधस्तंभावर पुरी दिली गेली आहे. वाढ म्हणजे विसार मिळालेल्या माणसाने वतनाकडे चालत जाणे. टिळकांचा बाप्तिस्मा हा असा विसार होता. वतनाकडची वाट पुढे चोवीस वर्षे चालली आणि ती सरळ नव्हती.

त्या वाटेवरचा पहिला काटा त्यांच्या स्वतःच्या घरात होता. लक्ष्मीबाईंना पूर्ण विश्वासात न घेता टिळकांनी बाप्तिस्मा घेतला होता. बातमी कळली तेव्हा त्या माउलीवर आकाश कोसळले. पती जिवंत असून त्याला मुकलेली, पदरी दत्तू नावाचा लहान मुलगा, आप्तांच्या आश्रयाला राहिलेली, अशा अवस्थेत त्यांची सुमारे पाच वर्षे गेली. चरित्रकाराने येथे घाईने पुढे जाऊ नये. ज्याने सर्व मानवांच्या बंधुत्वाचा शोध घेतला, त्याच्या सत्यशोधनाचा भार एका स्त्रीला एकटीने वाहावा लागला. पतीची निष्ठा खरी होती, आणि पत्नीचे दुःखही तितकेच खरे होते. या विरहातच लक्ष्मीबाई काव्य करू लागल्या.

टिळक पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई शेवटी अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) आल्या त्या धर्मांतरासाठी नव्हे, तर संसारासाठी. त्यांची चूल निराळी, सोवळे निराळे. टिळकांनी सक्ती केली नाही. उतावळ्या आणि शीघ्रकोपी मनुष्याला हे धीर धरणे कोठून आले? माझ्या मते येथेच त्यांची खरी वाढ दिसू लागते. पुढे जातिभेद देवाने केलेला नसून मनुष्याने केलेला आहे, अशी लक्ष्मीबाईंची स्वतःच्या विचाराने खात्री पटली आणि त्यांनी शिवाशीव सोडली. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. त्या पतीच्या मागून फरफटत आल्या नाहीत. देवाने त्यांना त्यांच्याच पायांनी चालविले. एकाच घरातल्या दोन माणसांना प्रभू दोन वाटांनी, दोन वेगांनी नेतो, हे मंडळीने विसरू नये.

अहमदनगरला टिळक ईश्वरविज्ञानाच्या विद्यालयात शिकवीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. दुष्काळाच्या आणि प्लेगच्या त्या वर्षांत अनाथ व गरजू मुलांना त्यांच्या घराचे दार उघडे असे. घरात उद्याचा शिधा आहे की नाही याचा विचार टिळक क्वचितच करीत, आणि तो विचार लक्ष्मीबाईंना करावा लागे. बालकवी ठोमरे यांच्यासारखा उमलता कवी या कुटुंबात घरच्यासारखा वावरला. टिळकांनी ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले. फुलांचे व मुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला.

पण त्यांची सर्वांत मोठी सेवा मंडळीच्या उपासनेत आहे. त्यापूर्वी आपली बरीचशी गीते परकीय चालींची व भाषांतरित होती. टिळकांनी अभंग, ओवी, पद आणि कीर्तन ही महाराष्ट्राची भांडी ख्रिस्ताच्या चरणी आणून ठेवली. तुकोबांच्या सेतूवरून आपण प्रभूपाशी पोहोचलो अशी त्यांची धारणा होती, आणि पोहोचल्यावर त्यांनी तो सेतू मोडून टाकला नाही. त्यांची गीते ‘उपासना संगीत’मधून आजही मंडळ्यांत गायिली जातात. त्यांतील एका प्रसिद्ध पदात त्यांनी प्रभूपुढे आपल्या अपूर्णतेची कबुली दिली आहे. हे पद बाप्तिस्म्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाचे नव्हे, तर ख्रिस्ताला पुष्कळ ओळखलेल्या भक्ताचे आहे. जो जितका प्रभूच्या जवळ जातो, त्याला आपली उणीव तितकी अधिक दिसते. वाढीची ही खूण आहे. उणीव दिसेनाशी होणे, हे मात्र वाढ खुंटल्याचे लक्षण आहे.

१९१७ साली टिळकांनी आणखी एक पाऊल टाकले. वय पंचावन्न, प्रकृती साथ देईना, मिशनची सेवा सुरक्षित व मानाची. तीच त्यांनी सोडली. भारतीय माणसाने ख्रिस्ताकडे भारतीय म्हणून यावे आणि मिशनचा पगार व परकीय पेहराव या दोहोंमध्ये येऊ नयेत, या तळमळीने ते साताऱ्याला गेले. तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना या बंधुसंघात स्थान होते. काही स्नेह्यांना हे पाऊल धोक्याचे वाटले. मंडळीची सीमा कोठे आखावी याविषयी आजही मतभेद होऊ शकतात. पण बावीस वर्षांच्या सेवेनंतर स्वस्थ बसण्याचा ज्याला हक्क होता, तो मनुष्य पुन्हा एकदा घर सोडून प्रभूच्या मागे निघाला, याविषयी दुमत होणार नाही. तारुण्यात त्यांनी घर सोडले ते अस्वस्थतेने. या वेळी सोडले ते आज्ञापालनाने. बाहेरून दोन्ही कृती सारख्याच दिसतात. आतले अंतर पवित्र आत्म्याने चालविले होते.

दरबाराला फार दिवस लाभले नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक प्रभूकडे गेले. प्रभूचे चरित्र ओवीबद्ध करण्यासाठी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरेच राहिले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी! ज्या स्त्रीने पतीचा बाप्तिस्मा म्हणजे आपला सर्वनाश मानला होता, तिनेच पतीच्या लेखणीतून राहिलेले ख्रिस्तचरित्र आपल्या हाती घेतले. १८९३ साली गाडीतल्या त्या अनोळखी सहप्रवाशाने केलेल्या भाकितात हे काहीच नव्हते. त्याला दोन वर्षे दिसली. देवाच्या मनात एक घर, एक भाषा आणि एक गाणारी मंडळी होती.

आपल्या मंडळ्यांत बाप्तिस्म्यांची संख्या वार्षिक अहवालात लिहिली जाते. लिहावीच. परंतु बाप्तिस्म्यानंतर दहा वर्षांनी त्या व्यक्तीचा राग किती निवळला, तिच्या घरातली माणसे तिच्या विश्वासाने सुखावली की दुखावली, तिचा हात किती मोकळा झाला, हे कोणत्या रकान्यात लिहावयाचे? फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील पौलाची खात्री अशी आहे की ज्याने चांगले काम आरंभिले तोच ते सिद्धीस नेईल. या खात्रीत आळसाला जागा नाही आणि निराशेलाही नाही. जो स्वतःच्या जुन्या स्वभावाला कंटाळला आहे, त्याने टिळकांच्या धरसोडीच्या वर्षांकडे पाहावे. ज्याच्या घरात अद्याप एकमत नाही, त्याने लक्ष्मीबाईंच्या पाच वर्षांकडे पाहावे, आणि आपल्या विश्वासाचा भार कोणा दुसऱ्याला वाहावा लागत आहे काय, हेही स्वतःला विचारावे.

पुढल्या वेळी गाडी राजनांदगावला थांबेल तेव्हा क्षणभर त्या प्रवाशाचे स्मरण करू या. विसार आपल्यालाही मिळाला आहे. ज्याने तो दिला तो विश्वासू आहे. वतन गाठेपर्यंत चालत राहण्याची कृपा तो आपणां सर्वांना देवो. आमेन.