तीन मिनिटांची झिंझोटी

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्यापायी घर सोडलेली दोन माणसं प्रसिद्ध आहेत. एक बडोद्याच्या सरदार घराण्यातली मुलगी, ताराबाई माने. दुसरा गदगच्या शाळामास्तरांचा मुलगा, भीमसेन जोशी. पहिलीनं खाँसाहेबांना समोर बसून ऐकलं, दुसऱ्यानं नुसतं रेकॉर्डवर. दोघांच्या घर सोडण्यात पस्तीसेक वर्षांचं अंतर आहे. पण कारण एकच, तो आवाज. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी भीमसेनजींना ऐकलेलं असतं, निदान अभंग तरी. पण त्या मुलाला घराबाहेर काढणारा माणूस कोण होता, हे फारसं कुणी विचारत नाही.

खाँसाहेब मूळचे उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचे. जन्म 1872. घरात पिढ्यान् पिढ्या गाणं-वाजवणं. वडील काले खाँ, काका अब्दुल्ला खाँ, सगळे याच धंद्यातले. मुलगा आधी सारंगी शिकला, बीन शिकला, बाकीची वाद्यंही हाताळली. पण त्या काळी सारंगीवाल्याला बैठकीत मान कमी. साथीला मागं बसायचं आणि मुकाट्यानं वाजवायचं. अब्दुल करीमनं गाण्याची वाट धरली. सारंगी हातातून सुटली तरी गळ्यात राहिली, असं त्यांच्या रेकॉर्ड ऐकताना नेहमी वाटतं. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये कुठे पायरी लागतच नाही. गज ओढल्यासारखा आवाज घसरत जातो. त्यांच्या गावावरून या गायकीला किराणा घराणं म्हणतात. वाण्याच्या किराण्याशी तिचा काही संबंध नाही, हे पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सांगून ठेवते!

विशीत ते भाऊ अब्दुल हक यांच्याबरोबर बडोद्याला आले. सयाजीराव महाराजांचा काळ. दरबारात दोघा भावांची वर्णी लागली. तिथेच राजघराण्याशी नातं असलेले सरदार मारुतीराव माने यांच्या मुलीला, ताराबाईंना, गाणं शिकवायचं काम त्यांच्याकडे आलं. पुढं काय झालं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. सरदाराची मराठा मुलगी आणि दरबारी नोकरीतला मुसलमान गवई. बडोद्यात राहून हे जमणं शक्यच नव्हतं. एकोणिसावं शतक संपता संपता दोघं बडोदा सोडून मुंबईला निघून गेली.

मी हे हजीऱ्यात बसून लिहितेय. तापीच्या मुखाशी, जेट्टी आणि कारखान्यांच्या गर्दीत. नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबं इथं बरीच आहेत. बडोदा इथून काही तासांवर आहे आणि बडोद्याहून मुंबईला जाणारी आगगाडी सुरतेवरूनच, तापीचा पूल ओलांडून जाते. त्या पुलावरून जाताना मला ताराबाई आठवतात. गाणं ऐकून भारावून जाणं निराळं आणि त्यासाठी नाव, घर, दागदागिने, सगळ्यावर पाणी सोडणं निराळं. आपल्याकडे ही गोष्ट सांगताना खाँसाहेबांचं धाडस सांगतात. मला वाटतं, जास्त पणाला लागलं ते बाईंचं. खाँसाहेब कुठल्याही गावी तंबोरा लावून बसले असते तर पोटापुरतं मिळवू शकले असते. ताराबाईंना परतीची वाट नव्हती.

आणखी एक गोष्ट, जी या प्रेमकथेत सहसा गाळतात. खाँसाहेबांचं आधी एक लग्न झालेलं होतं. पहिल्या पत्नीचं नाव गफूरन. त्यांचा भाऊ म्हणजे किराणा घराण्याचे दुसरे थोर गायक, अब्दुल वहीद खाँ. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मुंबईनंतर मिरज. मिरज म्हटलं की तंबोरे आणि सतारी बनवणारे कारागीर आठवतात आणि डॉ. वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल आठवतं. खाँसाहेब प्लेगनं आजारी पडले असताना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले आणि बरे झाले, अशी तिथली आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी मिरज त्यांना मानवली हे खरं. तिथले तंबोरे मानवले हेही खरंच. खाँसाहेबांचा जीव तंबोऱ्यात. तंबोरा मनासारखा लागेपर्यंत ते गात नसत, मग श्रोते कितीही खोळंबोत. किराणा घराण्यात पंचमाऐवजी निषादावर तंबोरा लावायची पद्धत आहे. तो निषाद षड्जाकडे ओढत राहतो, आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच ऐकणाऱ्याच्या मनाला हुरहुर लागते.

त्यांचा आवाज तसा बारीक, उंच पट्टीचा. दणदणीत मर्दानी आवाजाची अपेक्षा करून ऐकाल तर पहिले दहा-पंधरा सेकंद बुचकळ्यात पडाल. मग तो एखादा सूर धरतात आणि सोडतच नाहीत. विलंबित ख्यालात एकेका सुरानं राग उलगडत नेण्याची जी पद्धत आज सगळीकडे ऐकू येते, ती रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. याला काही समजावं लागत नाही. तालाचे हिशोब, तानांचे पल्ले कळायला थोडी तयारी लागते. खरा सूर लागला की तो लहान पोरालाही कळतो. पहिल्या ऐकण्यात खाँसाहेबांचं गाणं लोकांना का पकडायचं, याचं माझ्यापुरतं उत्तर हे एवढंच आहे.

शिष्य येत गेले. कुंदगोळचे रामभाऊ, पुढं ज्यांना सवाई गंधर्व म्हणून महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं, ते त्यांतले सर्वांत मोठे. रामभाऊ नाटकात गेले, स्त्रीभूमिका करू लागले, हे गुरूंना रुचलं नव्हतं म्हणतात. केसरबाई केरकर आठ वर्षांच्या असताना कोल्हापुरात आठेक महिने त्यांच्याकडे शिकल्या. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी शिकले आणि त्यांनीच पुढं गुरूंचं मराठी चरित्र लिहिलं. 1913 साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. घराण्याची विद्या घराबाहेर जाऊ द्यायची नाही, असा बाकी उस्तादांचा खाक्या होता त्या दिवसांतली ही गोष्ट. सांगलीचे देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स हे बावीस श्रुतींचा अभ्यास करत होते. त्यांना प्रत्यक्ष गळ्यातून श्रुती काढून दाखवायला खाँसाहेबच उपयोगी पडले. त्यांच्या टिपू मियाँ नावाच्या कुत्र्यालाही सुरात भुंकायला शिकवलं होतं, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, आमच्या घरी ती सर्वांत लोकप्रिय आहे.

म्हैसूर दरबाराची बोलावणी येत. तिथं त्यांनी कर्नाटक संगीत ऐकलं आणि नुसतं माना डोलावून परत आले नाहीत. तिकडची सरगम गाण्याची रीत त्यांनी आपल्या गाण्यात आणली, त्यागराजांची कृती रेकॉर्ड केली. म्हैसूरनं त्यांना संगीतरत्न पदवी दिली. आणि मराठी? कैरान्याहून आलेल्या या माणसानं ‘मानापमान’मधलं ‘चंद्रिका ही जणू’ हे पद रेकॉर्डवर गायलं आहे. उच्चार थोडा परका वाटतो, पण ऐकाच.

घराची गोष्ट मात्र नीट झाली नाही. ताराबाई आणि खाँसाहेबांना पाच मुलं. थोरला 1902 चा, त्यानंतर 1905 साली मिरजेत जन्मलेली मुलगी, धाकटी 1913 ची. 1920 नंतरच्या दोनेक वर्षांत ताराबाईंनी मुलांना घेऊन खाँसाहेबांचं घर सोडलं. ज्या आवाजासाठी बडोदा सोडलं, त्या आवाजाबरोबर वीस-बावीस वर्षं राहून ही बाई पुन्हा एकदा बाहेर पडली. या वेळी पाच मुलांसकट. मुलांची नावंही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई झाली, गुलाबची कमलाबाई, सकीनाची सरस्वती. पुढं त्याच हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे. आडनावात वडिलांचा पत्ता नाही. बडोदेकर या नावात आईचं गाव आहे, म्हणजे तेच, जिथून तिला निघावं लागलं होतं.

भांडण कशावरून झालं, दोष कुणाचा, याच्या शंभर कहाण्या आहेत. त्यात मी पडत नाही. पण मुलांच्या बाजूनं विचार करून बघा. जन्मल्यापासून कानावर जे पहिलं गाणं पडलं ते वडिलांचं. तंबोऱ्याची जुळणी, पहाटेचा रियाझ, शिष्यांची तालीम, सगळं भिंतीपलीकडून ऐकलेलं. आणि एके दिवशी ते बंद. हिराबाईंना पद्धतशीर तालीम मिळाली ती भाऊ सुरेशबाबूंकडून आणि अब्दुल वहीद खाँकडून. मघाशी नाव लक्षात ठेवायला सांगितलं होतं, तेच. ज्यांच्या बहिणीला टाकून खाँसाहेबांनी ताराबाईंशी संसार मांडला, त्या वहीद खाँनी ताराबाईंच्या मुलांना विद्या दिली. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले होते. मोठी माणसं मोठी असतात ती कधीकधी अशा ठिकाणी, जिथं टाळ्या वाजत नाहीत.

खाँसाहेब मिरजेत राहिले. शिष्या बानूबाई लाटकर, म्हणजे सरस्वतीबाई मिरजकर, यांच्याशी त्यांनी पुढं संसार केला. दौरे चालूच होते. पहिल्या रेकॉर्ड त्यांनी 1905 च्या सुमारास दिल्या होत्या. उतारवयात ओडियन कंपनीसाठी पुन्हा गायले. आज आपण त्यांना ऐकतो ते बहुतेक या नंतरच्या तबकड्यांवर. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तासभर एकेक सूर फुलवणाऱ्या माणसाला तीन मिनिटं म्हणजे शिक्षाच. पण त्यानं तक्रार केल्यासारखी गायली नाहीत. तीन मिनिटांत काय मावतं ते नेमकं ओळखून तेवढंच ठेवलं.

त्यातली झिंझोटीची ठुमरी, ‘पिया बिन’ म्हणून ओळखली जाणारी. शब्द म्हणाल तर ठुमरीत नेहमी असतात तसेच, विरहाचे. मी ती पहिल्यांदा ऐकली ती सकाळच्या कंपनी बसमध्ये, इअरफोनवर, बाहेर धुरांडी आणि ट्रकांची रांग. तबकडीची खरखर एवढी की आधी वाटलं रेंज गेली. मग आवाज आला. तोच तोच शब्द ते प्रत्येक वेळी वेगळ्या वाटेनं म्हणतात, आणि दर वेळी वाटतं की आता तरी बेचैनी शमेल. ती शमत नाही. माझा स्टॉप येऊन गेला असं मात्र काही झालं नाही. स्टॉपवर उतरले आणि चालता चालता पुन्हा लावली.

हीच ठुमरी 1935 च्या ‘देवदास’मध्ये सैगलनी गायली, त्यामुळे पुष्कळांना ती सैगलचीच वाटते. आणि हीच तो गदगचा मुलगा रेकॉर्डवर ऐकत असे. असं गायला आलं पाहिजे, एवढंच त्यानं मनात घेतलं. 1933 साली, अकराव्या वर्षी, त्यानं घर सोडलं. निमित्त ताटातल्या तुपाचं झालं असं ते स्वतःच सांगत. बिनतिकीट गाडीत बसायचं, डब्यात गाऊन पोट भरायचं, असं करत विजापूर, पुढं ग्वाल्हेर, शेवटी थेट जालंधर. गुरू शोधत अख्खा उत्तर हिंदुस्थान पालथा घातला आणि तिथं विनायकबुवा पटवर्धनांनी त्याला सांगितलं की सवाई गंधर्वांकडे जा. सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळ, म्हणजे जवळजवळ घरचं अंगण. रेकॉर्डवरच्या त्या आवाजाचा सख्खा शिष्य शेजारच्या गावात राहत होता आणि पोरगं पंजाबात फिरत होतं! 1936 पासून त्याची तालीम सुरू झाली.

खाँसाहेबांकडे आता वर्षच उरलं होतं. 1937 च्या ऑक्टोबरात ते मद्रासेत गायले. तिथून पाँडिचेरीला, अरविंदबाबूंच्या आश्रमात जायला निघाले. रात्रीच्या गाडीत छातीत कळ आली. मंडळी वाटेतच उतरली. सिंगपेरुमाळ कोईल नावाचं छोटं स्टेशन. फलाटावर अंथरूण घातलं. त्यांनी तंबोरा लावायला सांगितला, दरबारी कानड्यात ईश्वराची प्रार्थना गायली आणि थोड्या वेळानं गेले. तारीख 27 ऑक्टोबर. फलाटावर त्या वेळी आणखी कोण होतं, हमाल, चहावाला, गाडीची वाट बघणारं एखादं कुटुंब, याची कुठं नोंद नाही. जे कुणी असेल त्यानं त्यांना पहिल्यांदाच ऐकलं असणार.

त्यांना मिरजेला आणलं आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. दरवर्षी उरुसाला तिथं गाण्याच्या बैठका होतात, देशभरातून गवई येतात आणि हजेरी लावतात. हिराबाईसुद्धा तिथं येऊन गायच्या.