लोकमान्य टिळकांचा मधुमेह : इन्सुलिन येण्याआधीची गोष्ट

इन्सुलिन लिहून दिले की रुग्णाचा चेहरा उतरतो. खुटबावात हे मी नेहमी पाहतो. मग नातेवाईक विचारतात, "गोळ्यांवर भागणार नाही का, डॉक्टर?" अशा वेळी मला लोकमान्य टिळक आठवतात. त्यांना मधुमेह होता, हे तुम्हाला कदाचित माहीत नसेल.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. कॉलेजात असताना त्यांनी एक वर्ष अभ्यास बाजूला ठेवून व्यायाम केला आणि शरीर कमावले. तरीही पुढे मधुमेहाने गाठलेच. म्हणजे व्यायाम करणाऱ्याला साखर होत नाही, असे समजू नका. व्यायामाने धोका कमी होतो, पण संपत नाही.

१९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेच्या तुरुंगात पाठवण्यात आले. तेव्हा ते ५२ वर्षांचे होते. परका मुलुख, कडक उन्हाळा आणि सोबतीला मधुमेह. त्या वेळी या आजारावर औषधच नव्हते. हाती होते ते फक्त पथ्य. त्यांनी आहार बदलला, तो सांभाळला आणि त्याच कोठडीत पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिले. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्या, तेव्हाही ते तुरुंगातच होते. १९१४ च्या जूनमध्ये सुटका झाली.

औषध का नव्हते? आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असते. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन हे हॉर्मोन तयार करतात. रक्तातली साखर पेशींत पोचवायचे काम त्याचे. टाईप १ मध्ये ते जवळपास बनतच नाही. टाईप २ मध्ये बनते, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही आणि हळूहळू ते कमीही पडते. टिळकांचे वय पाहता त्यांचा मधुमेह टाईप २ असावा, असे मला वाटते. हे हॉर्मोन वेगळे काढणे त्या काळी कुणालाच जमले नव्हते.

१९२० च्या जुलैत मुंबईत सरदारगृहात टिळकांना ताप आला, न्यूमोनिया झाला आणि १ ऑगस्टला ते गेले. मधुमेहामुळेच गेले, असे मी म्हणणार नाही. पण साखर वाढलेली असली की संसर्गाशी लढायची ताकद कमी होते, आणि त्या वेळी अँटिबायोटिक्सही नव्हती.

पुढच्याच वर्षी टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन मिळवले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. टिळकांच्या मृत्यूनंतर अवघ्या सतरा महिन्यांनी!

म्हणून घरात मधुमेही माणसाला ताप आला, तर "जेवण जात नाही" म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. आजारपणात साखर उलट वाढते. ग्लुकोमीटरवर साखर तपासत राहा. उलट्या होत असतील, धाप लागत असेल किंवा माणूस गुंगीत जात असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मेटफॉर्मिन चालू ठेवायचे की थांबवायचे, तेही तिथेच विचारा.