ब्रूनो टूशेक

इलेक्ट्रॉन हा ऋण विद्युत्‌भाराचा अतिसूक्ष्म कण होय. पॉझिट्रॉन हा जणू त्याचा जुळा भाऊ. वजन तेवढेच, पण विद्युत्‌भार धन. १९३२ साली कार्ल अँडरसन यांना तो अवकाशातून येणाऱ्या किरणांत आढळला. या दोन कणांना एका यंत्रात समोरासमोर आणण्याचा मार्ग ब्रूनो टूशेक यांनी दाखविला.

टूशेक यांचा जन्म १९२१ साली ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे झाला. त्यांची आई ज्यू होती. पुढे ऑस्ट्रियावर हिटलरची सत्ता आली. एवढ्याच कारणावरून १९४० साली त्यांना विद्यापीठाची दारे बंद झाली. तथापि त्यांनी विद्येचा ध्यास सोडला नाही. ते जर्मनीत हँबुर्ग येथे गेले आणि इलेक्ट्रॉनांना वेग देणाऱ्या यंत्राच्या कामात सहभागी झाले. १९४५ साली त्यांना अटक झाली. कैद्यांना पायी नेत असता आजारी टूशेक वाटेत कोसळले. पहारेकऱ्याने गोळी झाडली व ते मेले असे समजून त्यांना तेथेच टाकले. सुदैवाने ते वाचले.

युद्धानंतर त्यांनी शिक्षण पुरे केले व १९५२ साली ते रोमला आले. १९६० साली त्यांनी फ्रास्काती येथील प्रयोगशाळेत आपली कल्पना मांडली. दोन्ही कणांचे विद्युत्‌भार परस्परविरुद्ध असल्याने एकच चुंबक त्यांना एकाच वाटेवरून उलट दिशांनी फिरवू शकेल, मग त्यांची टक्कर होईल. वर्षभरातच ‘आडा’ हे यंत्र उभे राहिले. वेगवान इलेक्ट्रॉन धातूवर आदळले की गॅमा किरण निघत. ते किरण यंत्रातील धातूच्या पत्र्यावर पडले की इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या जोड्या जन्म घेत. फिरणारे कण प्रकाश देत. एकट्या कणाचा प्रकाशही डोळ्यांस दिसे!

परंतु कण फार थोडे मिळत. टक्कर कशी व्हावी? म्हणून १९६२ साली हे यंत्र ट्रकवर चढवून फ्रान्समधील ऑर्से येथे नेले, कारण तेथील इलेक्ट्रॉन-वेगवर्धक अधिक प्रबळ होता. कणांच्या नळीतील निर्वात टिकावा म्हणून वाटेत पंप विजेच्या बॅटऱ्यांवर चालू ठेवले होते. अखेर टकरींतून निघणारे गॅमा किरण मोजता आले आणि १९६४ साली टक्कर घडल्याचे जगापुढे सिद्ध झाले.

१९७८ साली, वयाच्या ५७ व्या वर्षी, टूशेक यांचे निधन झाले. ‘आडा’मधील कणांची वाट अवघी सुमारे ४ मीटर लांब होती. पुढे १९८९ साली जिनीव्हाजवळ याच तत्त्वावर २७ किलोमीटर परिघाचे यंत्र सुरू झाले. ज्याला मेला म्हणून रस्त्यावर टाकले होते, त्याच्या चिकाटीचे हे फळ होय.