चित्रसृष्टीचा किमयागार : वॉल्ट डिस्ने

पडद्यावर हाडामांसाचा मनुष्य गात असतो आणि त्याच्या शेजारी रंगवलेले पेंग्विन पक्षी ठेका धरून नाचत असतात. माणूस खरा, पक्षी मात्र कागदावर जन्मलेले. या दोघांची गाठ पडली कशी, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडल्यावाचून राहत नाही. ही किमया साधण्यासाठी ज्याने आपल्या उमेदीची वर्षे वेचली, त्या वॉल्ट डिस्नेचे चरित्र मोठे उद्बोधक आहे.

वॉल्टचा जन्म 5 डिसेंबर 1901 रोजी अमेरिकेतील शिकागो शहरी झाला. 1906 साली त्याच्या वडिलांनी मिसूरी राज्यातील मार्सलिन या गावाजवळ शेत घेतले. तेथील गुराढोरांच्या सहवासात वॉल्ट रमून गेला. त्यांची चित्रे काढण्याचा त्याला छंदच जडला. परंतु हे सुख फार काळ टिकले नाही. वडील आजारी पडले, शेत विकावे लागले आणि सारे कुटुंब कॅन्सस सिटी या शहरात आले. वडिलांनी वर्तमानपत्रे घरोघर पोहोचवण्याचे काम पत्करले. वॉल्ट आणि त्याचा थोरला भाऊ रॉय यांना भल्या पहाटे उठून हे काम करावे लागे. हिवाळ्यात बर्फ तुडवीत दारोदार हिंडावे लागे. पुढे शाळेत बसल्यावर वॉल्टला डुलक्या येत. पण हातातली पेन्सिल काही सुटली नाही.

पहिले महायुद्ध संपल्यावर वॉल्टने फ्रान्समध्ये रेडक्रॉसची मोटार चालवली. 1919 साली परत आल्यावर तो जाहिरातींची चित्रे काढू लागला. तेथे अब आयवर्क्स नावाचा कुशल चित्रकार त्याचा मित्र झाला. सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक आणून वॉल्टने चित्रे हलती करण्याची विद्या आत्मसात केली, आणि 1922 साली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्याने ‘लाफ-ओ-ग्राम’ नावाची कंपनी काढली.

धाडस मोठे, परंतु गाठीला पैसा नाही! चित्रपट घेणाऱ्या व्यापाऱ्यांकडून पैसे मिळेनात. वॉल्ट कचेरीतच झोपे आणि उधारीवर जेवे. अशा वेळी एका दंतवैद्याने मुलांना दातांची निगा शिकवणारा चित्रपट करून मागितला. त्या बोलणीसाठी वॉल्टला त्याने बोलावले, तेव्हा वॉल्टला घराबाहेर पडता येईना. कारण त्याचा एकुलता एक बुटांचा जोड दुरुस्तीला टाकलेला होता आणि तो सोडवण्यास दीड डॉलरही जवळ नव्हता. ते पैसे त्या सहृदय वैद्यानेच भरले, असे सांगतात. या कामाचे 500 डॉलर मिळाले आणि कंपनीचे मरण थोडे लांबणीवर पडले.

त्या काळी मॅक्स फ्लायशर या कलावंताचे चित्रपट लोकप्रिय होते. त्यांत चित्रातला विदूषक शाईच्या दौतीतून निघून खऱ्या खोलीत धुडगूस घाली. वॉल्टने याच्या उलट विचार केला. चित्रातले पात्र आपल्या जगात येते, मग आपल्या जगातील खरीखुरी मुलगी चित्रांच्या राज्यात का जाऊ नये? या कल्पनेतून 1923 साली ‘अ‍ॅलिसेस वंडरलँड’ हा चित्रपट तयार झाला. त्यात व्हर्जिनिया डेव्हिस नावाची चार वर्षांची मुलगी स्वप्नात चित्रनगरीत जाते. तेथील प्राणी तिचे थाटात स्वागत करतात आणि पुढे सिंह तिच्या पाठीस लागतात.

चित्रपट झाला, पण तो दाखवण्यापूर्वीच कंपनी बुडाली. खिशात 40 डॉलर आणि पेटीत अ‍ॅलिसची फिल्म घेऊन वॉल्टने हॉलिवुडची वाट धरली. तेथे काकांच्या घरी तो राहिला. नोकरी कोठेच मिळाली नाही. अखेर 1923 च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मार्गारेट विंक्लर या वितरक बाईंनी ती फिल्म पाहून अ‍ॅलिसची मालिका मागवली. पहिल्या सहा चित्रपटांना प्रत्येकी 1500 डॉलर मिळणार होते. रॉय त्या वेळी क्षयाच्या विकाराने रुग्णालयात होता. वॉल्टने रात्रीच त्याला गाठले, आणि रॉय अंथरूण सोडून भावाच्या साहाय्यास आला. दोघा भावांनी मिळून स्टुडिओ स्थापन केला. पुढे आयवर्क्सही येऊन मिळाला.

त्यांचे काम कसे चाले हे पाहण्यासारखे आहे. मोकळ्या जागेतील जाहिरातीच्या फलकावर पांढरे कापड टाकीत आणि त्यापुढे व्हर्जिनियाला उभे करीत. समोर ना मांजर, ना सिंह. वॉल्ट तिला गोष्ट सांगे आणि ती रिकाम्या जागेकडे पाहून हसे, घाबरे किंवा पळे. फिल्म महाग असल्यामुळे बहुधा एकदाच चित्रण होई. मग तिच्या प्रत्येक हालचालीशी जुळतील अशी शेकडो चित्रे काढून ती त्या छायाचित्रांशी एकत्र करीत. चित्र तसूभर चुकले, तर सारा भास नाहीसा होई. 1927 पर्यंत अशा पन्नासाहून अधिक चित्रकथा तयार झाल्या.

1928 साली मिकी माउसने वॉल्टला जगप्रसिद्ध केले. पुढे यशाबरोबर कटू प्रसंगही आले. 1941 साली पगार आणि श्रेय यांसाठी त्याच्याच चित्रकारांनी संप केला. हे दुखणे वॉल्टच्या मनातून कधी गेले नाही. परंतु खरा माणूस आणि चित्रातील पात्र यांना एकत्र आणण्याचा ध्यासही त्याने सोडला नाही. 1964 साली आलेल्या ‘मेरी पॉपिन्स’ या चित्रपटात त्याचे फळ दिसले. नटांच्या मागील पांढऱ्या पडद्यावर सोडियमच्या दिव्यांचा पिवळा प्रकाश सोडून, खास कॅमेऱ्याने तो प्रकाश वेगळा काढला जाई. त्यामुळे नटांची आकृती अचूक सुटी करून रंगीत चित्रांत बसवता येई. या तंत्राच्या कामात जुना मित्र आयवर्क्सच होता. त्या चित्रपटाला पाच ऑस्कर पारितोषिके मिळाली.

15 डिसेंबर 1966 रोजी वॉल्ट डिस्ने मरण पावला. त्याची पहिली कंपनी बुडाली, तेव्हा घेणेकरी बरेच होते आणि शिल्लक होती ती एक कल्पना आणि तिला खऱ्या अर्थाने जाणणारे दोन सोबती. एवढ्या भांडवलावर त्याने पुन्हा आरंभ केला. फलकावर टाकलेल्या पांढऱ्या कापडापासून ‘मेरी पॉपिन्स’पर्यंतचा मार्ग चाळीस वर्षांचा होता, आणि तो चिकाटीने, एकेक चित्र काढीतच पार झाला.