लिंकनच्या मनावरचे मळभ

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहा, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सुचवले. मी अब्राहम लिंकनचे नाव घेतले, तेव्हा त्याचे चरित्र तर शाळेतल्या मुलांनाही पाठ असते, असे एकदोघी म्हणाल्या. ते खरेच आहे. लाकडी झोपडीत जन्मून राष्ट्राध्यक्ष झालेला लिंकन आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण मला सांगायचा आहे तो निराळा लिंकन. मळभाच्या दिवसांत त्याचे मन खचत असे, आणि आपल्या जगण्याचा उपयोग काय, हा प्रश्न त्याला ऐन तारुण्यात पडला होता.

हाच लिंकन का निवडला, तेही सांगते. आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा मला हातातल्या कामाचा कंटाळा येऊ लागतो. मुले आपापल्या मार्गाला लागली. आता आपण कोणाला हव्या आहोत, असे दुपारच्या वेळी मनात येते. मंडळातल्या कित्येक भगिनींनीही हेच मजपाशी बोलून दाखवले आहे.

लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात झाला. १८१८ साली, तो अवघा नऊ वर्षांचा असताना त्याची आई नॅन्सी वारली. विषारी झुडूप खाल्लेल्या गाईच्या दुधातून होणारा तो आजार होता. पुढच्या वर्षी घरात सावत्र आई आली. सावत्र आई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, त्याच्या ही साराबाई अगदी उलट. ती स्वतः शिकलेली नव्हती, पण या पोराचे वाचनाचे वेड तिने ओळखले आणि जपले. त्याला शाळा मिळाली ती सारी मिळून वर्षभराची. १८२८ च्या जानेवारीत त्याची एकुलती एक बहीणही बाळंतपणात गेली.

१८३१ साली तो इलिनॉय राज्यातील न्यू सेलम या खेड्यात आला. तेथे त्याने दुकानात नोकरी केली, टपाल सांभाळले, जमिनीची मोजणी केली. गावातल्या अ‍ॅन रटलेज नावाच्या मुलीवर त्याचा जीव होता, असे गावकरी पुढे सांगत. १८३५ च्या ऑगस्टात ती तापाने गेली. त्यानंतर पाऊस लागला की तिच्या थडग्यावर पाणी पडत असेल, हा विचारही त्याला सोसवेना. सोबत्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवले, आणि एका शेजारी जोडप्याने त्याला काही दिवस आपल्या घरी नेऊन ठेवले.

त्याहून कठीण हिवाळा आला तो १८४०-४१ चा. तेव्हा तो स्प्रिंगफील्ड शहरात वकील होता, विधिमंडळाचा सभासद होता, वय बत्तिशीला टेकलेले. मेरी टॉडशी ठरलेला विवाह १८४१ च्या पहिल्या जानेवारीच्या सुमारास मोडला. त्याने पाठपुरावा केलेल्या रस्ते-कालव्यांच्या योजनांनी राज्य कर्जात बुडाले होते. त्यातच जोशुआ स्पीड हा जिवलग मित्र गाव सोडून जायला निघाला. लिंकनने काही दिवस अंथरूण धरले. त्याची अवस्था पाहून मित्रांनी त्याच्या खोलीतले वस्तरे आणि सुऱ्या काढून नेल्या. आपल्याला मरणाची भीती नाही, पण आपण जगून गेलो याची कोणी आठवण ठेवावी असे काहीच हातून झालेले नाही, अशी खंत त्याने स्पीडजवळ बोलून दाखवली.

भगिनींनो, येथून तो सावरला कसा, हेच मला महत्त्वाचे वाटते. त्याला काही एकाएकी साक्षात्कार झाला नाही. थोड्याच दिवसांत तो विधिमंडळात जाऊन बसू लागला, वकिलीची कामे पाहू लागला. उन्हाळ्याच्या अखेरीस तो स्पीडच्या केंटकीतील घरी काही आठवडे राहिला. तेथे स्पीडच्या आईने त्याला मायेने वागवले आणि निघताना बायबल भेट दिले.

पुढच्या हिवाळ्यात स्पीडचेच लग्न ठरले आणि तो घाबरा झाला. आता धीर देण्याची पाळी लिंकनची होती. प्रवासाला निघालेल्या मित्राला त्याने पत्र दिले आणि तुझे मन खचेल त्याची तीन कारणे असतील, असे आधीच लिहून ठेवले. पहिले कारण वाटेवरची वाईट हवा, कारण ती हळव्या मज्जातंतूंना फार बाधते. दुसरे, हाताला काम नसणे आणि मित्रांशी बोलणे नसणे. तिसरे, जवळ येऊन ठेपलेला मोठा प्रसंग. आकाश झाकोळले म्हणून मनही झाकोळते, हे त्याने स्वतःच्या अनुभवावरून ताडले होते. त्यानंतर सुमारे १४० वर्षांनी, १९८४ साली, डॉ. नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दिवसाचा उजेड कमी झाला की ठरावीक ऋतूत येणाऱ्या खिन्नतेला आजार म्हणून नाव दिले.

१८४२ च्या नोव्हेंबरात त्याचे मेरीशी लग्न झाले. दुःखे मात्र सरली नाहीत. १८५० साली एक मुलगा गेला. १८६२ साली, तो राष्ट्राध्यक्ष असताना, अकरा वर्षांचा विली गेला. त्याच डिसेंबरात यादवी युद्धात फ्रेडरिक्सबर्ग येथे त्याच्या सैन्याचा मोठा पराभव झाला. अशा दिवसांत, २३ डिसेंबरला त्याने फॅनी मॅकलो या मुलीला पत्र लिहिले. तिचे वडील युद्धात पडले होते आणि तिने अन्नझोप टाकली होती. आज तुला पटणार नाही, पण तुझे मन पुन्हा हसेल, हे मी अनुभवाने सांगतो, असा त्या पत्राचा भाव होता.

आणि नऊ दिवसांनी, १ जानेवारी १८६३ रोजी, बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यावर त्याने सही केली. पुढे स्पीडची भेट झाली तेव्हा त्याने त्या जुन्या संभाषणाची आठवण काढली, आणि आपली आस आता पुरी होईल असे वाटते, असे सांगितले. मधे बावीस वर्षे गेली होती. १५ एप्रिल १८६५ रोजी मारेकऱ्याच्या गोळीने त्याचा अंत झाला. त्या वर्षाच्या डिसेंबरात घटनादुरुस्तीने साऱ्या अमेरिकेतील गुलामगिरी संपली. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले, ते गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना.

आपल्यापैकी कोणाला जाहीरनाम्यावर सही करायची नाही, हे मी जाणून आहे. पण आपण कशासाठी जगतो, हा प्रश्न आपला आणि लिंकनचा एकच. तो प्रश्न खोटा नाही. मात्र मळभाच्या दिवशी त्याचा निकाल लावू नये, एवढे मी या चरित्रातून घेतले. १८४१ च्या जानेवारीत लिंकनने तो लावून टाकला असता, तर पुढचे काहीच घडले नसते. त्या दिवसांत त्याला तारले ते हातातल्या कामाने, एका मित्राने आणि एका मित्राच्या आईने.

म्हणून पावसाळ्यात एखादी भगिनी दोन-तीन बैठकांना आली नाही, तर तिच्या घरी जाऊन यावे. तिला उपदेश करू नये. चहा घ्यावा, चार गोष्टी बोलाव्या, आणि मंडळाचे एखादे छोटेसे काम तिच्या हाती द्यावे. खिन्नता आठवडे-आठवडे टिकली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर घरच्यांना सांगून लगेच डॉक्टरकडे जावे. तापासाठी जातो तसेच, त्यात संकोच कसला?